लाइट गेली तर वरच्या टँकचं पाणी कुठे जातं? सम्प आणि ओव्हरफ्लोचं प्लंबिंग सोप्या भाषेत

घरी नवीन कुणी आलं की आधी मासे बघतात, मग मी टँकखालच्या कपाटाचं दार उघडते आणि आत अजून एक टँक दिसतो, त्यात पंप, पाइप, स्पंज असा सगळा पसारा. पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे वरचं पाणी सारखं खाली पडतंय आणि पंप ते परत वर चढवतोय? मग लाइट गेली की वरचं सगळं पाणी खाली येणार ना?"

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि टँक बांधायच्या आधी विचारला तर घर कोरडं राहतं. उत्तर मात्र "येणार" असंही आहे आणि "नाही येणार" असंही आहे, कारण ते पाइपचं तोंड कुठे ठेवलंय यावर अवलंबून आहे. बहुतेक जण टँक, लाइट, मासे, झाडं यावर महिनाभर डोकं लावतात आणि प्लंबिंग शेवटच्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानात जे मिळेल त्यातून उरकतात. मला वाटतं तिथेच चुकतं. पंप चालू असताना जवळपास कुठलंही प्लंबिंग नीट चालतं हो. आखायचं असतं ते दोन वेळांसाठी, एक म्हणजे पंप अचानक बंद पडला ती वेळ, आणि दुसरी म्हणजे खाली येणारा पाइप तुंबला ती वेळ. या दोन्ही वेळी घरात थेंब सांडला नाही पाहिजे, बाकीचं सगळं त्यावरून आपोआप ठरत जातं.

## आधी हे सगळं आहे तरी काय

बऱ्याच गावांत घराखालच्या पाण्याच्या टाकीला सम्प म्हणतात, तोच हा शब्द. फिश टँकचा सम्प म्हणजे मुख्य टँकच्या खाली ठेवलेला दुसरा टँक, ज्यात मासे नसतात, फिल्टरचं सामान, हीटर आणि पंप असतो.

बिल्डिंगचंच उदाहरण घ्या. खाली एक टाकी, गच्चीवर एक टाकी, मध्ये पंप. गच्चीवरच्या टाकीला वरच्या कडेला ओव्हरफ्लोचा पाइप असतो, वॉचमन पंप बंद करायला विसरला की त्यातून पाणी धो धो पडतं. आता समजा तो ओव्हरफ्लोचा पाइप गटारात न सोडता परत खालच्या टाकीत सोडला आणि पंप चोवीस तास चालू ठेवला, तर पाणी नुसतं गोल फिरत राहील. वरच्या टाकीची पातळी हलणार नाही कारण जेवढं वर येईल तेवढंच बाहेर जाईल. झाला सम्प.

टँकमध्ये पाणी जिथून ओसंडतं ती कड म्हणजे धरणाचा सांडवाच. पावसाळ्यात बातमी येते ना, तुळशी तलाव भरून वाहू लागला म्हणून, तर तुळशीचं ओसंडलेलं पाणी विहार तलावात जातं. तुळशीची जास्तीत जास्त पातळी कुणी रोज मोजून ठरवत नाही, सांडव्याची कड ठरवते. आपल्या टँकमध्ये एका कोपऱ्यात काचेचा किंवा ॲक्रिलिकचा उभा कप्पा असतो, त्याच्या वरच्या कडेला कंगव्यासारखे दात असतात, पाणी त्या दातांतून कप्प्यात पडतं आणि कप्प्यातल्या पाइपने खाली सम्पमध्ये येतं. या पाइपला ड्रेन म्हणू आणि पंपाकडून वर जाणाऱ्याला रिटर्न. शब्द एवढेच लक्षात ठेवले तरी पुरे.

पाणी पृष्ठभागावरून ओसंडत असल्यामुळे वरचा तेलकट तवंग पण रोज निघून जातो, आणि उन्हाळ्यात पाणी उडतं ते वरच्या टँकमध्ये कधीच कमी दिसत नाही, ते कमी होतं फक्त सम्पच्या शेवटच्या कप्प्यात, जिथे पंप असतो तिथे. हा शेवटचा कप्पा पुढे फार कामाचा आहे.

## पंप आणि ड्रेन एकमेकांना जुळवायला लागतात का?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. लोक दुकानात जाऊन विचारतात की पंप तासाला 1200 लिटर देतो तर ड्रेन पण बरोबर 1200 चाच पाहिजे का, थोडा कमीजास्त झाला तर काय. अहो, ओव्हरफ्लोमधून तेवढंच पाणी पडतं जेवढं पंप वर आणतो, त्याच्याकडे दुसरं पाणीच नाही. पंपाने कमी दिलं तर कमी पडेल, पंप थांबला तर पडायचं थांबेल. फक्त ड्रेनची ताकद पंपापेक्षा भरपूर जास्त असली पाहिजे, मोरीचा पाइप नळापेक्षा जाड असतो तसंच.

1200 लिटर ऐकायला खूप वाटतं, पण तासाचे 3600 सेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण 330 मिली, दर सेकंदाला एक मोठं फुलपात्र भरून. तेवढं पाणी एक इंची पाइप आरामात घेतो. तरी मी ड्रेन सव्वा इंची किंवा दीड इंची घ्या असं सांगेन, कारण एक इंचीवरून दीड इंचीवर गेलं की आतली जागा सव्वादोन पट होते आणि पैसे काही फार वाढत नाहीत. रिटर्न पाऊण इंची चालतो. एक नियम मात्र पाळाच, ड्रेनला वाटेत कुठेही रिड्युसर लावून तो बारीक करायचा नाही.

## पहिली वेळ: पंप बंद पडला

12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईत एकदम वीज गेली होती, बऱ्याच जणांना आठवत असेल. आम्ही ठाण्याला, लॉकडाऊनचे दिवस म्हणून सगळे घरीच. माझा चार फुटी टँक तेव्हा नवीन होता आणि ज्यांनी बसवून दिला त्यांनी रिटर्नचा पाइप टँकमध्ये चांगला खोलवर सोडला होता, "खालपर्यंत पाणी फिरतं" म्हणून, आणि मलाही ते पटलं होतं. वीज गेली, पंखे थांबले, लॅपटॉप बॅटरीवर आला, टँककडे कुणाचं लक्ष नाही. दोन-तीन मिनिटांनी सासूबाईंनी हाक मारली, "अगं, वरचं पाणी कमी होतंय बघ आणि खालचं वाढतंय." जाऊन बघते तर सम्प काठोकाठ भरून कपाटातून पाणी हॉलमध्ये यायला लागलेलं. मी खाली बसून पंपाशी खटपट करतेय आणि त्या म्हणतात, "खाली काय करतेस, ती वरची नळी उचल ना बाहेर." नळी पाण्याबाहेर काढली, सुर्र असा हवेचा आवाज आला आणि पाणी थांबलं.

त्यांनी जे सांगितलं त्यातच सगळं शास्त्र आहे. पंप चालू असताना रिटर्न पाइप पाण्याने गच्च भरलेला असतो. पंप थांबला की तोच पाइप सायफन होतो, म्हणजे टँकचं पाणी बदलताना आपण नळी भरून एक टोक बादलीत सोडतो ना, पाणी आपोआप ओढलं जातं, तेच. पंपाच्या आतून पाणी उलटं सहज जातं, पंप काही बूच नाहीये. आणि हे ओढणं थांबतं कधी? वरचं तोंड पाण्याबाहेर आलं, त्यात हवा शिरली की. तोंड जितकं खोल तितकं पाणी खाली.

आकडे घालून बघू. माझा टँक 120 सेंटिमीटर लांब आणि 45 रुंद आहे, म्हणजे दर एक सेंटिमीटर उंचीला 120 गुणिले 45, 5400 घनसेंटिमीटर, 5.4 लिटर पाणी. पाइपचं तोंड 20 सेंटिमीटर खोल होतं. म्हणजे कुणी उचललं नसतं तर 108 लिटर खाली आलं असतं. सम्प 90 बाय 40 चा, त्यात वर मोकळी जागा होती 12 सेंटिमीटर, 43 लिटरची. उरलेलं 65 लिटर हॉलमध्ये आणि मग खालच्या मजल्याच्या छताला. आमच्याकडे दोन बादल्यांवर निभावलं.

आता त्या पाइपचं तोंड पाण्याच्या पातळीच्या जेमतेम दोन सेंटिमीटर खाली आहे, तिथे एल्बो, म्हणजे वळणाचा तुकडा, फिरवून पाण्याला आडवी दिशा दिली आहे आणि पाणी तितकंच फिरतं. पंप बंद झाला की दातांवरचा पाण्याचा थर ओसंडून संपतो, रिटर्नचं तोंड उघडं पडतं, सगळं मिळून टँक अडीच सेंटिमीटर उतरतो. म्हणजे साडेतेरा लिटर, त्यात कोपऱ्यातल्या कप्प्यातलं आणि पाइपांमधलं तीन-साडेतीन लिटर धरा, सतरा झाले. सम्पला दर सेंटिमीटरला 3.6 लिटर लागतं, म्हणजे सतरा लिटरला पाच सेंटिमीटरसुद्धा लागत नाहीत. मी दहा मोकळे ठेवते.

तुमच्या टँकचं माप घालून हा हिशोब पाइप कापायच्या आधी करा, कागदावर पाच मिनिटं लागतात.

बरेच जण पाइपला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक बारीक भोक पाडतात, हवा घ्यायला. कल्पना चांगली आहे पण त्या भोकात शेवाळ धरतं, गोगलगायीचं पिल्लू बसतं, आणि बुजलेलं भोक म्हणजे नसलेलं भोक. भोक पाडा, दर महिन्याला काडी घालून साफ करा, पण हिशोब मात्र पाइपच्या तोंडावरूनच करा.

## "नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावला की झालं ना?"

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणजे पाणी एकाच दिशेला जाऊ देणारी झडप. हे मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं आणि ऐकायला बरोबर वाटतं. पण ही झडप चोवीस तास उघडी असते, तिच्यावर क्षार बसतात, शेवाळ बसतं, आणि ज्या एका दिवशी तिने बंद व्हायचं त्या दिवशी मध्ये वाळूचा एक खडा अडकला तरी पाणी झिरपत राहतं, हळूहळू पण रात्रभर. शिवाय पंपाला तिच्यातून पाणी ढकलायला जोर लागतो, वर येणारं पाणी कमी होतं. लावायची तर लावा, दोन्ही बाजूंनी युनियन, म्हणजे हाताने खोलता येणारा सांधा, टाकून, म्हणजे उघडून धुता येईल. पण सम्पमधली मोकळी जागा ती झडप नाहीच असं समजूनच ठेवायची.

इन्व्हर्टरचं पण तेच. इन्व्हर्टर असला तरी पंप स्वतः अडकतो, कुणीतरी झाडू मारताना प्लग काढतं, एमसीबी पडतो. इन्व्हर्टर माशांसाठी चांगला, त्यांना हवा मिळत राहते. जमीन कोरडी ठेवायचं काम मात्र पाइपच्या उंचीचंच.

## दुसरी वेळ: ड्रेन तुंबला

हा उलटा पूर आहे आणि याचा विचार फारच कमी लोक करतात. पंप मजेत चालू आहे, पण वरच्या कप्प्यातल्या पाइपवर व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीचं लांब पान गुंडाळलं, किंवा एखादा मासा दातांवरून उडी मारून कप्प्यात पडला आणि जाळीवर चिकटला. पाणी खाली येत नाही. पंपाला ते कळत नाही, तो सम्पच्या शेवटच्या कप्प्यातलं पाणी वर चढवत राहतो, कप्पा रिकामा होईपर्यंत.

म्हणजे वर जास्तीत जास्त किती पाणी जाऊ शकतं? सम्प कितीही मोठा असो, फक्त शेवटच्या कप्प्यात आहे तेवढंच. आधीच्या कप्प्यांतलं पाणी मधल्या काचेच्या पट्ट्यांमुळे अडून राहतं, त्यांच्यावरून ओसंडून येईल तेवढंच पुढे येतं. माझा शेवटचा कप्पा 25 बाय 40, त्यात पाणी 20 सेंटिमीटर, तळाचं पाच सेंटिमीटर पंपाला ओढता येत नाही. उरलं 15, म्हणजे 15 लिटर. वरच्या टँकमध्ये ते 15 भागिले 5.4, पावणेतीन सेंटिमीटर चढेल. मी सांडव्याची कड इतकी खाली ठेवली आहे की पंप चालू असताना पाण्यापासून टँकच्या काठापर्यंत पाच सेंटिमीटर मोकळे राहतात. तुंबला तरी वरून सांडत नाही, पंप कोरडा पडून खरखर आवाज करतो आणि आपल्याला कळतं.

इथे एक ओढाताण आहे ती समजून घ्या. शेवटचा कप्पा छोटा ठेवला तर वरून सांडायची भीती कमी, पण एप्रिल-मेमध्ये पाणी उडतं ते सगळं याच कप्प्यातून कमी होतं, म्हणजे छोटा कप्पा लवकर आटतो आणि रोज पाणी घालावं लागतं. मोठा ठेवला तर चार दिवस गावाला जाता येतं पण वर काठ जास्त सोडावा लागतो. मी छोट्याच्या बाजूची आहे. गावाला जायचं असेल तर शेजाऱ्यांना एक तांब्या पाणी घालायला सांगता येतं, सांडलेल्या पाण्याचं काही करता येत नाही. खाऱ्या पाण्याचा टँक असेल तर भर घालताना गोडंच पाणी घालायचं, कारण उडतं ते पाणी, मीठ तिथेच राहतं.

## दुसरा पाइप कशासाठी, आणि गुडगुड कशी थांबवायची

कप्प्यात एकच ड्रेन ठेवू नका. दुसरा पाइप दोन-तीन सेंटिमीटर उंच ठेवायचा, एरवी त्यात थेंब जात नाही, पहिला तुंबला की पाणी चढून त्यात पडतं. या दुसऱ्याला ना जाळी ना व्हॉल्व्ह, सरळ खाली. आणि माझं ऐकाल तर त्याचं खालचं टोक सम्पच्या पाण्यात बुडवू नका, चार-पाच बोटं वरच सोडा, म्हणजे त्यातून पाणी पडलं की जोरात आवाज येईल. मागच्या पावसाळ्यात रात्री साडेबाराला आम्हाला कपाटातून मोरीत नळ सोडल्यासारखा आवाज आला. उठून बघितलं तर पहिल्या पाइपच्या जाळीला कुजलेलं पान लपेटलं होतं आणि सगळं पाणी दुसऱ्याने खाली येत होतं. पान काढलं, आवाज थांबला, परत झोपलो.

आता रोजच्या आवाजाचं. भरलेली बाटली एकदम उलटी केली की गुडगुड करते, कारण पाणी बाहेर येतंय आणि हवा आत घुसतेय, दोघांना एकच रस्ता. साधा उघडा ड्रेन दिवसरात्र तेच करतो आणि हॉलमध्ये झोपणाऱ्या माणसाला वेड लागायची वेळ येते. यावर दोन मार्ग आहेत.

एक, हवेला वेगळा रस्ता द्या. कप्प्यात उभा पाइप, त्याच्या डोक्यावर टी, म्हणजे तीन तोंडांचा सांधा, टीच्या बाजूच्या तोंडाला खाली वळलेला एल्बो, आणि टीच्या वरच्या टोपणाला बारीक भोक. पाणी एल्बोतून पृष्ठभागाखालून शिरतं, हवा वरच्या भोकातून. याला ड्युर्सो म्हणतात, रिचर्ड ड्युर्सो नावाच्या हौशी माणसाच्या नावावरून. सोपं, स्वस्त, आवाज बराच कमी, पूर्ण बंद नाही. एक इंची ड्युर्सोवर तासाला 2000 लिटरच्या वर जाऊ नये.

दुसरा मार्ग, हवेला रस्ताच देऊ नका. पाइपचं तोंड पूर्ण पाण्याखाली, खाली सम्पजवळ व्हॉल्व्ह, आणि तो हळूहळू आवळत अशा जागी आणायचा की कप्प्यातलं पाणी तोंडाच्या वर स्थिर उभं राहील. मग पाइपमध्ये निव्वळ पाणी, हवा शून्य, आवाजही जवळपास शून्य. हाच पाइप आता खूप जास्त पाणी घेऊ शकतो कारण अर्धी जागा हवेने अडलेली नाही. पण व्हॉल्व्ह अगदी बरोबर जागी रोज राहणार कसा? म्हणून या पद्धतीत शेजारी दुसरा पाइप किंचित उंच असतो, जास्तीची बारीक धार तो घेतो. या दोन पाइपांच्या पद्धतीला हर्बी म्हणतात, आणि तीन पाइपांच्या पद्धतीला बीनॲनिमल, ज्यात एक गच्च भरून वाहणारा, एक बारीक धारेचा आणि एक कायम कोरडा. ही नावं इंटरनेटवरच्या हौशी लोकांच्या टोपणनावांवरून पडली आहेत. माझ्याकडे तीन पाइप आहेत. जागा असेल तर मी सगळ्यांना हेच सांगते, कारण वीज येते-जाते तेव्हा ही व्यवस्था कुणी हात न लावता परत स्वतःच चालू होते.

फक्त एक काळजी. गच्च वाहणाऱ्या पाइपचं खालचं टोक सम्पच्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटरच बुडवा. जास्त बुडवलं तर वीज आल्यावर पाइपमधली अडकलेली हवा बाहेर पडू शकत नाही आणि पाणी चालूच होत नाही. आणि पाइप आडवा लांब नेऊ नका, जितका सरळ खाली येईल तितका चांगला. काटकोनी एल्बोऐवजी पंचेचाळीसचे दोन घेतले तर अजून उत्तम.

## "टँकला होल पाडायची भीती वाटते, काठावर अडकवायचा ओव्हरफ्लो चालेल का?"

भीती समजते मला. काठावर अडकवायच्या ओव्हरफ्लोमध्ये पाणी काचेवरून पलीकडे न्यायला उलट्या यू आकाराची नळी असते, ती सायफनवर चालते. अडचण अशी की त्या वाकाच्या वरच्या बाजूला हळूहळू हवेचे बुडबुडे जमतात, आणि एक दिवस वीज जाऊन आली की सायफन तुटलेला असतो. पंप चालू होतो, पाणी वर चढतं, खाली येत नाही. जिथे महिन्यातून एकदाच वीज जाते तिथे ठीक, आपल्याकडे पावसाळ्यात दिवसातून चार वेळा जाते. होल पाडा.

होल काचवाल्याकडून टँक चिकटवायच्या आधी पाडून घ्या. आधी टँक निपल विकत घ्या, गच्चीवरच्या टाकीला लावतात तोच प्लास्टिकचा, आणि तो हातात घेऊन काचवाल्याकडे जा, कारण प्रत्येक कंपनीच्या एक इंची निपलचं बाहेरचं माप वेगळं असतं. काच टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, नाही ना हे नक्की करा, टफन्ड काचेला ड्रिल लावलं की तिचा चुरा होतो. होलपासून काचेच्या कडेपर्यंत निदान होलच्या व्यासाएवढी जागा हवी. तळाला होल पाडण्यापेक्षा मी मागच्या काचेला वर पाडा म्हणेन, साधा विचार आहे, वरचा निपल गळला तर फार तर होलच्या पातळीपर्यंत पाणी जाईल, तळाचा गळला तर टँक रिकामा होईल. निपलचा रबर वॉशर चकतीच्या बाजूला काचेला लागून, नट हाताने घट्ट आणि वर थोडासा पिळा. पान्याने जोर लावला की काच जाते.

## हार्डवेअरच्या दुकानात

पांढरा यूपीव्हीसी पाइप घ्या, पाइप चिकटवायचं सोल्युशन लावायच्या आधी सगळं कोरडं जोडून बघा, मग एकेक सांधा. चोवीस तास वाळू द्या आणि पहिलं पाणी फिरवून फेकून द्या. पंपाजवळ आणि टँकजवळ युनियन टाका, नाहीतर पंप साफ करायला पाइप कापावा लागेल. पंपाला पहिली वीतभर लवचिक नळी आणि क्लिप लावली तर पंपाची थरथर कपाटात उतरत नाही.

पितळेपासून लांब राहा. बाथरूमच्या फिटिंगमध्ये आट्यांच्या जागी पितळ असतं, गेट व्हॉल्व्ह तर बहुतेक पितळेचेच मिळतात. पितळेत तांबं आहे, आणि पाण्यात उतरलेलं तांबं कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ यांना मारतं. प्लंबर म्हणेल "काही होत नाही ताई, हेच मजबूत असतं", आणि बाथरूमसाठी त्याचं बरोबरच आहे. तुम्ही प्लास्टिकचाच मागा, गेट व्हॉल्व्ह नाही मिळाला तर प्लास्टिकचा बॉल व्हॉल्व्ह चालतो, फक्त जुळवायला जरा जास्त वेळ लागतो.

पंपाच्या खोक्यावर लिहिलेलं लिटर हे शून्य उंचीचं असतं. सोबत कमाल उंची लिहिलेली असते, तिथे पाणी शून्य. तीन मीटर लिहिलं असेल आणि तुमच्या सम्पपासून टँकच्या काठापर्यंत दीड मीटर असेल तर निम्मं धरा, एल्बोमुळे अजून थोडं कमी. माझ्या 243 लिटरच्या टँकला तासाला पाच फेऱ्या म्हणजे 1200 लिटर पुरतात, त्यासाठी खोक्यावर साधारण 2500 ते 3000 पाहिजे. विजेचा हिशोब पण आत्ताच करा, 35 वॉटचा पंप महिनाभर चालला की 25 युनिट. आणि वायर बोर्डात घालताना आधी बोर्डाच्या खाली एक झोळ येऊ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळातून खाली पडेल, बोर्डात शिरणार नाही. सम्पच्या कपाटात जमिनीवर एक्स्टेंशन बोर्ड ठेवलेला मी पाहिला आहे, कृपा करून असं करू नका.

## मासे घालायच्या आधी

नुसतं पाणी घालून एक पूर्ण दिवस द्या. वरचा टँक सांडव्यापर्यंत भरा, मग पंप बंद असतानाच सम्प भरा, वरून चार सेंटिमीटर रिकामे राहीपर्यंत. आता पंप चालू करा. पाणी वर जाईल, शेवटच्या कप्प्यातली पातळी उतरेल आणि एका जागी थांबेल. तिथे काचेवर मार्करने रेघ मारा. पंप बंद करा, पाणी कुठपर्यंत चढतं बघा, परत चालू करा. दहा वेळा करा, मधूनच करा, रात्री झोपायच्या आधी करा.

मग कापडाचा बोळा घेऊन सगळे ड्रेन बंद करा, दुसरा पण, आणि उभं राहून बघा. हे बघताना पोटात गोळा येतो पण बघाच. वरचं पाणी चढत जाईल, शेवटी पंप खरखरेल. काठाच्या खाली थांबलं तर तुमचं प्लंबिंग झालं. काठावर आलं तर शेवटच्या कप्प्यातलं थोडं पाणी काढा, बोळे काढून परत पहिल्यापासून बघा आणि रेघ खाली आणा. ती शेवटी जिथे येईल ती कायमची.

आमच्याकडे रोज सकाळी देवपूजा झाली की सासूबाईच टँकमध्ये पाण्याची भर घालतात. तांब्या घेऊन कपाटासमोर बसतात आणि पाणी रेघेशी आलं की थांबतात.